दिवाळीला आठ घरं, नऊ पोरं आणि तीन हजार रुपये... काय द्यायचं सांगा नं

मानेवाडा_सूनबाई
नमस्कार सगळ्यांना. भाऊबीजेला दरवर्षी सगळे सासूबाईंकडे काटोलला जमतात, दीर-जावा, नणंदा, चुलतसासरे, मावससासूबाई, सगळी मिळून आठ घरं होतात आणि नऊ पोरं. दरवर्षी आम्ही प्रत्येकाला काही ना काही नेतो पण यंदा ह्यांची नोकरी गेली, दुसरी लागली पण पगार निम्मा आहे, त्यात मुलीची ट्यूशन फी. नणंदांची ओवाळणी वेगळी काढून ठेवली, बाकी सगळ्याला तीन हजाराच्या वर जमणारच नाही. रिकाम्या हाताने जायचं मनाला पटत नाही. इथे नागपुरात बर्डीच्या बाजारात चक्कर मारून आली तर गिफ्ट बॉक्स म्हणून चार काजू नि दोन मेणबत्त्या, भाव विचारूनच परत फिरली. कोणाला काही सुचत असेल तर सांगा, प्लीज.

इतवारीकर_काका
सूनबाई, पहिले एक करा, माणशी हिशोब सोडा. घर एक, वस्तू एक. आणि पोरांचं वेगळं, कारण पोराला स्वतःच्या हातात काहीतरी लागते. बर्डीवर नका जाऊ, इतवारीत या, सकाळी लवकर, दिवाळीच्या शेवटच्या आठवड्याच्या आधी. स्टीलचे छोटे डबे एकसारखे आठ घेतले की भाव करता येतो, आणि भांडेवाल्याला नावं टाकून मागा. त्या त्या घरच्या बाईचं नाव टाका, आपलं नाही. नाव टाकलेलं भांडं लोक जपतात, पुढे कोणाला देऊन टाकत नाहीत. ब्लाऊजपीस मात्र नका देऊ, ते कपाटातून कपाटात फिरत राहतात, घेणाऱ्यालाही माहीत असते नि देणाऱ्यालाही.

संत्रा_गोळी
संत्रा बर्फी न्या नं, नागपूरची आठवण.

नरखेडची_लेक
बाप्पा, काटोलला संत्र्याचं काही नका नेऊ, तिकडे घरोघरी बगिचे आहेत, त्यात दिवाळीला आंबिया बहाराचं फळ नुकतंच येऊन राहते, आंबटच असते.
आणि फराळही नको, चिवडा-चकली सगळ्यांकडे असते, आठव्या घरचा चिवडा कोण खाते. त्यापेक्षा अनारशाचं पीठ करून न्या. अनारसे सगळ्यांना आवडतात पण तीन दिवस तांदूळ भिजवायला नि रोज पाणी बदलायला आता कोणाला वेळ आहे? माझ्या आईकडे शेजारच्या बायका दरवर्षी पीठच मागायच्या. दोन किलो तांदूळ घ्या, तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदलायचं नाही तर वास येतो, मग निथळून पंच्यावर सावलीत पसरा, पूर्ण कोरडे नाही होऊ द्यायचे, हाताला किंचित ओले लागले पाहिजेत, तेव्हाच मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळा. पिठाच्या बरोबरीने किसलेला गूळ, थोडा कमी चालते, चमचाभर तूप, मळून गोळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस मुरू द्या. हे पीठ टिकते, त्यामुळे लगेच तळलंच पाहिजे असं नाही. सोबत खसखशीची छोटी पुडी द्या (महाग आहे, छोटीच). घरटी अर्धा किलोच्या आसपास पडते आणि तांदूळ, गूळ, खसखस मिळून चारशेच्या आतबाहेर निपटते. काकांच्या डब्यात घालून द्या, नाव पण झालं नि काम पण झालं. मेहनत आहे, पण जिला पीठ मिळेल ती दिवाळीभर तुमचं नाव घेईल, खरंच सांगते.

धरमपेठ_मास्तर
पोरांसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचा दिवाळी अंक बघा. १९७१ पासून निघते, बाकी दिवाळी अंकांपेक्षा बराच स्वस्त असतो आणि चौथी ते आठवीच्या पोरांना वाचता येतो. लहान असतील त्यांना रंगखडू नि कोरी वही. प्लास्टिकची खेळणी घेऊ नका, संध्याकाळपर्यंत तुटतात आणि मग पोरगं रडते. मोठ्या कॉलेजच्या पोरांचं मला सांगता येणार नाही.

उमरेड_रोड
मावससासूबाई एकट्या राहतात का? पंच्याहत्तर पूर्ण असतील तर एसटीत त्यांना तिकीटच नाही, आधार कार्ड दाखवायचं. त्यांना चार दिवस नागपूरला घेऊन या, वस्तूपेक्षा ते जास्त होईल. आणि ताई, तुम्हाला स्वतःला पण एसटीच्या महिला सन्मान योजनेत अर्धंच तिकीट लागते, सगळे कारने जातात म्हणून कार नका ठरवू, तिथलेच हजार वाचतील.

आणखी एक, मोठ्या जावेला आधीच फोन करून सांगा की यंदा आमचं असं आहे, मोठ्यांनी एकमेकांना काही द्यायचं नाही, पोरांनाच द्यायचं. तिच्याही घरी ताण असू शकतो, कोणीतरी पहिले बोलायला पाहिजे असते.

मानेवाडा_सूनबाई
खूप खूप आभार, डोळ्यात पाणी आलं वाचून. जाऊबाईंना आत्ताच फोन केला, त्या म्हणाल्या बरं झालं तू बोललीस, आम्ही पण हाच विचार करून राहिलो होतो पण कोण काय म्हणेल म्हणून गप्प होतो. तरी डबे नेणारच आहे, पीठ घालून. मावससासूबाई एकट्याच असतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, त्यांना येताना सोबत आणते. नरखेडच्या ताई, तांदूळ कोणता घेऊ? घरी रेशनचा आहे.

नरखेडची_लेक
रेशनचा चालेल, फक्त जुना पाहिजे. भंडारा-गोंदियाचा नवा तांदूळ आता बाजारात येईल तो नका घेऊ, चिकट होते नि अनारसा तुपात पसरून जाते. आज रात्रीच भिजवा.