मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीचा निपल कुठे मिळेल? (खानापूर तालुका)

मलप्रभा_काठ

नमस्कार मंडळी. एकनळी, केपाची (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीची) ठासणीची बंदूक आहे. पीक संरक्षणाचा कर्नाटकचा परवाना चालू आहे, नूतनीकरण झालेलं आहे. भात पोटरीला आलं की रानडुकरं आणि गवे उतरतात, तेव्हा बार काढून पळवून लावायला ती वापरात असते. सध्या चार अडचणी आहेत.

१) निपलचं, म्हणजे केप बसतो त्या आट्यांच्या पोकळ खुंटाचं, तोंड चेपून पसरलंय. बार झाला की घोडा मागे उडून अर्ध्या खटक्यावर येतो आणि केपाचे तुकडे बाहेर फेकले जातात.
२) पहिल्या ठोक्याला केप पेटत नाही, बहुतेक वेळा दुसऱ्या ठोक्याला पेटतो. घोड्याची कमान (स्प्रिंग) मेली असेल का?
३) गज (दारू ठासायची काठी) मधोमध तडकलाय.
४) दस्त्याच्या मानेत, नळीच्या शेपटीमागे (मागच्या टोकाची लाकडात बसणारी पट्टी), केसाएवढी चीर दिसते.

बेळगावच्या दुकानात ‘या बंदुकीचे भाग आता येत नाहीत’ असं सांगतात. निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरवर ६.२५ ते ६.३ मिमी भरतो. लेथवर करून घ्यावा, असं गावातल्या दोघांनी सुचवलंय. कोल्हापुरात किंवा बाहेरून कुरिअरने मिळेल का?

उद्यमबाग_टर्नर

लेथचा विषय आधी संपवतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवर हा निपल अर्ध्या तासात उतरेल. काम सोपं आहे म्हणूनच माणसं फसतात. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदुकीचा सुटा भाग हेही शस्त्रच, आणि कलम ५ खाली तो बनवणं, विकणं, इतकंच काय, धंदा म्हणून दुरुस्त करणं यालाही वेगळा परवाना लागतो. तुमचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, त्यात लेथवाला येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला आणि दुरुस्त करण्याला कमीत कमी ७ वर्षांची शिक्षा आहे. चार पैशांच्या कामासाठी कुणा वर्कशॉपवाल्याला त्यात ओढू नका. बाहेरच्या देशातून कुरिअरने मागवण्याचंही तेच. पार्सल कस्टममध्ये अडकेल आणि पत्ता तुमचा असेल.

आता निपल. ‘भाग येत नाहीत’ हे दुकानदार सांगतो, कारण आपण त्याच्याकडे फक्त ‘ठासणीच्या बंदुकीचा निपल’ मागतो. असा एकच निपल नसतोच. आटे वेगळे, खांद्याची उंची वेगळी, केप बसतो त्या शंकूची जाडी वेगळी. माप घेऊन गेलात तर परवानाधारक कारागीर जुन्या डब्यातून जुळणारा काढून देतो, नाहीतर मापाने करून देतो.

माप घेण्याआधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. गज नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघा. टोक निपलच्या जागेपर्यंत पोचलं पाहिजे. दोन-तीन बोटं अलीकडे राहिलं तर आत बार भरलेला आहे असं समजा आणि हात काढा, पुढचं काम कारागिराचं. तुमचा गज तडकलेला आहे, तेव्हा त्याच जाडीची सरळ काठी घ्या. तुटका गज आत अडकला तर दुसरंच दुखणं.

तुमचा ६.२५–६.३ म्हणजे पाव इंची आटा, ६.३५चा झिजलेला. ६ मिमीचा मेट्रिक आटा ६च्या वर भरणार नाही, म्हणून तो बाद. पण पाव इंचीतही तीन आटे आपल्याकडे सापडतात: इंचाला २०, २६ आणि २८. २० आणि २६ हे ब्रिटिश (बीएसडब्ल्यू, बीएसएफ), २८ हा यूएनएफ. निपलला आटे थोडेच असतात, म्हणून पाच आट्यांचं अंतर मोजा, पहिल्या शिखरापासून सहाव्या शिखरापर्यंत:

२० आटे – ६.३५ मिमी
२६ आटे – ४.८८ मिमी
२८ आटे – ४.५४ मिमी

पिच गेज (आट्यांचं अंतर ताडायची पाती) असेल तर उत्तम, पण एक लक्षात ठेवा. २६चा आटा ०.९७७ मिमीचा पडतो आणि मेट्रिक १ मिमीचं पातं त्यावर जवळजवळ बसल्यासारखं दिसतं. उजेडाकडे धरून बघा आणि व्यासावरून निकाल लावा.

२६ आणि २८ मधला फरक क्षुल्लक वाटतो, पण धोका तिथेच आहे. २८चा निपल २६च्या भोकात दोन-अडीच फेरे जातो, मग घट्ट होतो. घट्ट झाला म्हणजे बसला असं माणूस समजतो. प्रत्यक्षात एक-दोन आट्यांच्या कडांनीच तो धरलेला असतो. बाराचा दाब त्याला मागे ढकलतो, आणि मागे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो. नवा निपल शेवटच्या फेऱ्यापर्यंत बोटांनी फिरला पाहिजे, चावी फक्त शेवटी. त्याचा खांदा नळीवर सगळीकडून टेकला पाहिजे. खांद्याला चिमणीची काजळी लावून बसवा आणि काढा. नळीवर काळं कडं पूर्ण उमटलं तर ठीक, अर्धंच उमटलं तर तिथून गरम वायू निसटून आटे खाणार.

घोडा मागे उडतो त्याचं कारण निपलमधलं छिद्र मोठं झालं असणार. नवीन निपलला ते साधारण ०.७ ते ०.८ मिमी असतं. घरात शिलाई मशीन असेल तर १६ नंबरची (१००ची) सुई घ्या, तिची खालची बारीक दांडी १ मिमीची असते. निपल काढून आट्यांच्या बाजूने ती घाला. दांडी सैल जात असेल तर निपलचं आयुष्य संपलं. तोंडावर कानस मारून तो परत चालणार नाही, कारण झीज आतल्या छिद्रात आहे.

सीमाभाग_परवाना

कोल्हापूरबद्दल. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. पीक संरक्षणाच्या परवान्यात ते बहुधा फार मर्यादित असतं. त्यात महाराष्ट्र नसेल तर चंदगडला पाहुण्याकडे बंदूक नेणंही चालत नाही, कोल्हापूर तर लांबच. शिनोळीची हद्द आपण दिवसातून दोनदा ओलांडतो म्हणून हे ध्यानात येत नाही. दुरुस्तीला बेळगाव किंवा हुबळी-धारवाडचा परवानाधारकच बघा, आणि क्षेत्राबाहेर न्यावी लागत असेल तर डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून आधी लेखी परवानगी.

दुकानात विचारताना ‘विक्रीचा परवाना आहे, पण दुरुस्तीचा आहे का?’ हे स्पष्ट विचारा. बंदूक ठेवून आलात तर पावती घ्या: बंदुकीचा नंबर, तुमचा परवाना नंबर, तारीख, काय काम सांगितलं ते. नळीवरचा नंबर पॉलिशमध्ये घासू नये, असं त्याच पावतीवर लिहून घ्या. नंबर पुसट झाला तर पुढच्या नूतनीकरणाला तपासणीत अडकाल. परवाना आता ५ वर्षांचा आहे, एवढ्या काळात गंज आणि पॉलिश मिळून बरंच खातात.

परवाना वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर दुरुस्तीचा विचार नंतर. आधी बंदूक जमा करा, वारसाचा अर्ज करा. आणि कोडगूच्या (कुर्गच्या) लोकांना परवान्यातून सूट आहे म्हणून आपल्यालाही असेल, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. ती सूट कोडवांना आणि तिथल्या जम्मा (जुन्या वतनी) जमीनधारकांना आहे, बेळगाव जिल्ह्याला नाही.

केपही परवाना दाखवूनच, नोंद करून. निपल बदलला की केपाचा नंबर बदलू शकतो, म्हणून नवा निपल आणि केप एकाच दिवशी, एकमेकांवर बसवून बघून घ्या. केप मिळत नाही म्हणून खेळण्यातल्या टिकल्या किंवा काडेपेटीचा मसाला, आणि दारू मिळत नाही म्हणून फटाक्याची दारू, हे कृपा करून कुणी करू नका. फटाक्यातली पांढरी दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी झपाट्याने पेटते, नळी फाटते.

शिसव_आणि_पोलाद

अण्णा, कमान बदलायची घाई नको. दुसऱ्या ठोक्याला केप पेटतो याचा अर्थ बहुधा पहिला ठोका केप आत बसवण्यातच खर्च होतोय. निपलचं तोंड पसरलंय म्हटलंत ना, मग केप शंकूवर तळापर्यंत उतरतच नाही. नवा निपल बसला की अर्धं दुखणं तिथेच जाईल.

तरी राहिलंच तर या क्रमाने बघा. घोड्याच्या वाटीत काजळी लावून सावकाश खाली आणा. काजळी निपलच्या तोंडावर मधोमध उमटली पाहिजे. एका कडेला उमटली तर घोडा तिरका पडतोय, चौकोनी भोक सैल झालं असेल. मग खटक्याची पाटी (जिच्यावर घोडा आणि कमान बसवलेली असते) उतरवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं आणि आतली कमान किंवा घोड्याचा आस लाकडाला घासतो. भागांना काजळी लावून पाटी परत बसवा, घोडा दोनदा चढवून उतरवा, पुन्हा काढा. लाकडावर जिथे काळं लागलं तिथे घासतंय. तेवढंच, कागदाच्या जाडीने, पटाशीने खरवडायचं. तिसरं कारण जुनं तेल. स्वयंपाकाचं तेल घालत असाल तर ते वाळून डिंकासारखं होतं. रॉकेलने धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे.

यानंतरही ठोका मऊच असेल तर कमान. ती पक्कडीने दाबून काढू नका, दुमडीवर एक ओरखडा पडला की तिथूनच तुटते. कारागिराकडून नवी बसवून घेताना दुमडीची आतली बाजू बघा. आडवे कानसीचे चरे दिसले तर परत करा. चरे लांबीच्या दिशेनेच आणि घासून गुळगुळीत केलेले हवेत.

आणि निपल उघडा असताना घोडा आपटण्याची खोड असेल तर ती सोडा. तोंड चेपतं ते त्यानेच. मध्ये चामड्याचा तुकडा ठेवत जा.

मलप्रभा_काठ

खूप मोलाची माहिती. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून निपल काढला. पाच आटे ४.९ मिमी भरले, म्हणजे २६. सुई सैल जाते. आता गज आणि चीर राहिली.

शिसव_आणि_पोलाद

गजासाठी माणगा बांबू. भरीव, सरळ, पेरं लांब असलेली काठी निवडा, थंडीत तोडलेली, सावलीत सहा महिने सुकवलेली. बाजारातल्या गोल दांड्या घेऊ नका. त्या फळीतून कापलेल्या असतात, रेषा तिरकी जाते आणि ठासताना तिरकस फाटून टोक तळहातात घुसतं. जाडी नळीच्या भोकापेक्षा दीड-दोन मिमी कमी. टोकाला पितळी टोपी, आडवी पितळी खीळ मारून. नुसती चिकटवलेली टोपी नळीत राहते. लोखंडी सळई नको, नळीचं तोंड झिजवते. ठासताना गज बोटांत धरायचा, तळहात टोकावर नाही, आणि चेहरा तोंडापासून बाजूला.

चिरेचं कारण शोधल्याशिवाय ती भरू नका. नळीच्या शेपटीमागे लाकूड घट्ट टेकलेलं असलं की प्रत्येक बाराला ती शेपटी पाचरीसारखी आत घुसते. तिथे पोस्टकार्डाच्या जाडीची फट हवी. मुरलेलं तेल काढायला खडूची भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झटका. भुकटी पिवळी व्हायची थांबेपर्यंत तीन-चार वेळा. जवळ चूल किंवा बिडी नको. मग सावकाश सुकणारं इपॉक्सी, पाच मिनिटांत सुकणारं आत झिरपत नाही. चीर किंचित फाकवून भरा, दोरीने करकचून बांधा, पूर्ण एक दिवस हात लावू नका. चीर मानेच्या आरपार गेली असेल तर मात्र हे पुरणार नाही, दस्ता कारागिराकडेच द्या.

उद्यमबाग_टर्नर

४.९ म्हणजे पाव इंच बीएसएफ, २६ आटे. चिठ्ठीवर एवढं लिहा: आट्याचं नाव, आट्यांची लांबी, खांद्यापासून तोंडापर्यंतची उंची, चावीची चपटी जागा किती मिमी. जुना निपलही परवान्यासोबत घेऊन जा, फेकू नका. नळीतलं भोक झिजलंय का हे कारागिराला नव्या निपलवर तपासायला सांगा: खांदा टेकायच्या आधी एक फेरा बाकी असताना निपल हलवून बघायचा. डुगडुगला तर भोकच मोठं झालंय, आणि मग एक माप मोठ्या आट्याचा निपल करावा लागतो.

नवीन बसवताना आट्यांना किंचित ग्रीस लावायला सांगा. काळ्या दारूची राख दमट हवा ओढून घेते, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात एका रात्रीत आटे धरतात. बार काढला की त्याच दिवशी निपल काढून कढत पाण्याने नळी धुवायची, पाणी नितळ येईपर्यंत. लोखंड गरम असतानाच कोरडं फडकं, मग तेल. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायच्या आधीही हेच करा, तिथे महिना-दोन महिने कुणी पुसणार नसतं.

मलप्रभा_काठ

चिठ्ठी तयार केली. परवान्यावरचं क्षेत्र वाचलं, खानापूर तालुकाच लिहिलंय. म्हणजे बेळगावला न्यायलाही आधी डीसी ऑफिस. सोमवारी अर्ज देतो. तोवर निपल काढलेलाच ठेवून बंदूक कुलपात.