प्रतिसाद: सुवचनांच्या बशीवरचे तपकिरी डाग आणि उडालेला रंग

सुवचन छापलेल्या जुन्या बशीवरचे तपकिरी डाग ब्लीचने काढावेत का, आणि रंग उडालाय म्हणजे ती नकली का, हा प्रश्न होता. ब्लीच अजिबात वापरू नका. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या एकोणिसाव्या शतकातल्या या बशा सच्छिद्र मातीच्या आहेत. ब्लीच झिलईच्या बारीक भेगांतून आत मुरतं, सुकताना क्षारांचे स्फटिक होतात आणि झिलईचे पापुद्रे सुटतात. प्लॅस्टिकच्या टबात टॉवेल अंथरून कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण; भिजत ठेवू नका. तपकिरी डाग बहुधा आत मुरलेल्या तेलाचे असतात, ते राहिले तर राहू द्या.

रंग उडाल्यामुळे बशी नकली ठरत नाही. बशीवरचं बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन लेखकाचं वचन आणि चित्र तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदावर घेऊन भाजलेल्या मातीवर दाबत, मग वर झिलई. म्हणून काळी छपाई शाबूत राहते. लाल-हिरवे फटकारे मात्र झिलईवर हाताने देऊन कमी आचेवर भाजलेले, ते घासून जातातच. कापसाचा बोळासुद्धा त्यांच्यावर फिरवू नका!

खरी पारख दहापट भिंगाने करा. कोरीव छपाईत रेषा कमी-जास्त जाड दिसतात, कागदाची सुरकुती किंवा जोडही सापडतो. जाळीसारखे एकसारखे ठिपके दिसले तर ती आधुनिक छपाई. मागे ‘इंग्लंड’ असं छापलेलं असेल तर बशी बहुधा १८९१ नंतरची.