पोटात वर दुखतंय, सकाळपर्यंत थांबू का?

ए ३०४: कोणी जागं आहे का? सासूबाईंच्या पोटात वर, छातीच्या अगदी खाली दुखतंय. ॲसिडिटीची गोळी देऊन दोन तास झाले, काहीच फरक नाही. अजून एक देऊ की सकाळपर्यंत बघू?

सी १०२: गॅस असेल गं. कोमट पाणी दे, उतरेल.

बी ५०१: काकू, बहुतेक वेळा गॅसच निघतो हे खरं, पण आमच्या बाबांच्या वेळी आम्हीही हेच म्हणत बसलो होतो. रात्रभर पोटाशी उशी दाबून पुढे वाकून बसले होते, आडवं झालं की कळ सरळ पाठीत जायची, पुढे वाकलं की जरा बरं, आणि उलट्या थांबेनात. सकाळी नेलं तर स्वादुपिंडाला सूज, पित्ताशयातला खडा नळीत अडकलेला. आधी दोनतीनदा तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखून उजव्या खांद्यापर्यंत गेलं होतं, तेव्हाच सोनोग्राफी करायला हवी होती, अजून चुटपुट लागते.

डी २०३: मी वॉर्डात नर्स होते म्हणून विचारते. वय किती? शुगर आहे का? घाम येतोय का?

ए ३०४: ६८. शुगर आहे. पंखा फुल आहे तरी मान ओली झालीये आणि मळमळतंय म्हणतायत. छातीत मात्र काही नाही.

डी २०३: मग सकाळची वाट बघू नकोस, आत्ताच अँब्युलन्स बोलाव. हार्ट अटॅकची कळ कधीकधी फक्त पोटाच्या वरच्या भागातच येते, बायकांना, म्हाताऱ्या माणसांना आणि शुगरवाल्यांना तर छातीत न दुखताही येऊ शकतो. गोळीने बरं वाटलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. जिना उतरू देऊ नको, खुर्चीत बसवून लिफ्टने खाली आणा. खायला काही नको. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घे आणि गेल्या गेल्या ईसीजी काढायला सांग.

ए ३०४: बोलावली. येतायत.

ए १०१: लिफ्ट वर पाठवलीये, मी खाली गेटवर थांबतो.

बी २०४: वहिनी, तुम्ही निघा. सिस्टर, तुम्ही आहात म्हणून विचारतो, मला गुडघ्यासाठी पेनकिलर चालू आहे, महिनाभर रिकाम्या पोटी जळजळतंय, ते काय असेल?

डी २०३: अल्सर असू शकतो, या गोळ्यांनी जठराला जखम होते, काहींना एच पायलोरी नावाच्या जंतूमुळेही होते. उद्याच डॉक्टरांना दाखवा, तोवर ती गोळी मनाने घेऊ नका. पण शी डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर उद्यावर टाकायचं नाही, लगेच निघायचं. पोट लाकडासारखं कडक झालं, ताप येऊन डोळे पिवळे दिसले, चक्कर आली, तरीही तसंच. आणि घरात कोणी गरोदर असेल, पाच महिन्यांच्या पुढे, तर वर उजवीकडे दुखणं आणि डोकं दुखणं एकत्र आलं की त्याच दिवशी बीपी बघून घ्या, हे फार जणी अंगावर काढतात.

ए ३०४: पोचलो. पहिला ईसीजी नॉर्मल आलाय, पण सोडत नाहीयेत.

डी २०३: बरोबर करतायत. एका ईसीजीवर कळत नाही, परत काढतील, ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणीही काही तासांनी पुन्हा करतील. घरी चला म्हणाल्या तरी ऐकू नकोस.

ए ३०४: हो. पिल्लू घरी एकटं झोपलंय, कोणी जाईल का?

सी १०२: मी दारातच उभी आहे, किल्ली कुठे ठेवलीस?