नवरा घर सोडून गेलेला, मुलगी बी.टेक.ला लागते आहे. फी आणि राहण्याचा खर्च कशातून बसेल?

पऱ्हाटी_घाटंजी
नमस्कार. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटी दिली, कॉम्प्युटर बी.टेक. म्हणते आहे. सतरा पूर्ण. मुलगा नववीत. आम्ही कुणबी, ओबीसी. मुलीचं जात प्रमाणपत्र आहे, व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) नाही. मालक बरीच वर्षं झाली घर सोडून गेले. घटस्फोट नाही, मृत्यूचा दाखला नाही, म्हणून विधवांच्या योजना कृपया सांगू नका. मी शिवणकाम आणि मजुरी करते. हातात ३५,००० आहेत, पुढे महिन्याला ३,००० च्या वर जमणार नाही. कोणत्या योजना खरंच लागू होतात आणि कोणते कागद आधी काढू?

नागपूरवाले_काका
ताई, पोरीला नागपूर नाहीतर पुण्यालाच टाका. कॉम्प्युटरला प्लेसमेंट तिथंच. लॅपटॉप चांगला घ्या, ६०-७० हजारांच्या खालचा घेऊ नका, चार वर्षं टिकला पाहिजे. आणि राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे २०,००० मिळतात, ते पहिले घ्या.

सेतू_राळेगाव
काका, कुटुंबलाभ कमावता माणूस वारल्यावर मिळतो. ताईंनी वरच लिहिलं आहे.

ताई, आधी उत्पन्नाचा दाखला. तहसीलचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून मागच्या वर्षीचा असेल तर नवीन काढा. एका वर्षाचा काढू नका, तीन वर्षांचा काढा; नॉन क्रीमी लेयरला तोच लागतो. तुमच्या केसमध्ये तलाठी "नवऱ्याचं उत्पन्न किती" विचारणार. त्यासाठी रेशन कार्ड वेगळं पाहिजे. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या कार्डात नाव असेल तर आधी तिथून कमी करा, कमी केल्याचा दाखला घ्या, मग तुमच्या नावाचं कार्ड. सोबत ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, परित्यक्ता असल्याबद्दल पोलीस पाटलाचं किंवा ग्रामसेवकाचं पत्र, पोलिसांत कधी तक्रार दिली असेल तर तिची प्रत, आणि स्वयंघोषणापत्र. तलाठ्याच्या अहवालात "पतीपासून विभक्त, मुलांचा सांभाळ आई करते" हे वाक्य आलंच पाहिजे, कारण पुढच्या प्रत्येक टेबलावर तेच वाचतात.

आणि एक: सगळीकडे उत्पन्नाचा आकडा एकच ठेवा. संजय गांधी निराधार योजनेसाठी २१,००० चा दाखला आणि कॉलेजसाठी ६०,००० चा, असं झालं की छाननीत दोन्ही अडकतात.

वणीचा_भाऊ
पहिले घटस्फोट घ्या, मग सगळं सोपं होते. त्याशिवाय कोणी उभं करत नाही.

सेतू_राळेगाव
काहून बाप्पा, फीसाठी घटस्फोटाची गरज नाही. कोर्टात वर्षं जातात, प्रवेशाची फेरी थांबत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात घटस्फोटाचा हुकूम कोणी मागत नाही, कुटुंबाचं उत्पन्न मागतात.

दाखल_खारीज
सगळ्यात मोठा धोका व्हॅलिडिटीचा आहे आणि त्यावर कोणीच बोलत नाही. ओबीसीच्या जागेवर बी.टेक.चा प्रवेश घ्यायचा तर जात वैधता लागते. अर्जाच्या पावतीवर प्रवेश झाला तरी ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर ती जागा जाते. आज अर्ज टाका. ऑनलाइन भरून, प्रिंट काढून, जिल्हा जात पडताळणी समितीकडे.

पुरावे वडिलांकडचे लागतात. नवरा देत नसेल तर त्याच्यावर अवलंबून राहू नका:

पहिला, त्याच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतून दाखल खारीज रजिस्टरचा (शाळेत नाव दाखल आणि कमी केल्याची नोंदवही) उतारा. मुख्याध्यापकाला मुलीच्या नावानं अर्ज द्या, नातं लिहा, कारण "जात पडताळणी" लिहा. आजोबा त्याच शाळेत असतील तर त्यांचाही मागा.
दुसरा, तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल पंजीची नक्कल. जन्ममृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे, त्यामुळे आजोबा किंवा पणजोबांची नोंद शोधा. अर्जात गाव, नाव आणि अंदाजे साल द्या. नुसतं नाव दिलं तर "आढळून आलं नाही" असा शेरा मारून परत करतात.
तिसरा, चुलत्याची किंवा चुलत भावंडाची व्हॅलिडिटी झाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं शपथपत्र. हा पुरावा सगळ्यात वजनदार. सासरी बोलणं असेल तर हे एवढंच मागा.

नावात "पांडुरंग" आणि "पांडूरंग" असा फरक दिसला तर आत्ताच शपथपत्र जोडा. समिती त्रुटी काढते आणि त्यात महिना जातो.

नागपूरवाले_काका
व्हॅलिडिटी पाहिजेच. मीही तेच म्हणतो.

कॉलेज_ऑफिस
फीबद्दल नेमकं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. अट एकच, पण ती पक्की: प्रवेश कॅप फेरीतून (शासनाची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. खासगी अभिमत विद्यापीठ आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठही यात नाही. "आमच्याकडे सीट पक्की करतो, शिष्यवृत्ती नंतर बसवून देतो" असं सांगणाऱ्या एजंटाला एक रुपया देऊ नका.

आता माफीत काय येत नाही: विकास शुल्क, वसतिगृह, मेस, डिपॉझिट, गणवेश, विद्यापीठाचे किरकोळ शुल्क. खासगी कॉलेजात विकास शुल्कच काही हजारांत असते. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खासगी कॉलेजची मंजूर फी दिसते, त्यात शिक्षण शुल्क वेगळं आणि विकास शुल्क वेगळं असतं. पसंतीक्रम भरण्याआधी ते दोन आकडे वहीत लिहून काढा. शासकीय कॉलेजात हा फरक फार कमी पडतो.

यवतमाळ_पॉली
बी.टेक. कशाला? डिप्लोमा करा, तीन वर्षांत नोकरी, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश.

कॉलेज_ऑफिस
बारावीनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेली तरी दोन वर्षं डिप्लोमाची आणि तीन बी.टेक.ची. सरळ गेली तर चार. सीईटी देऊन झाली आहे, आता उलट कशाला जायचं.

यवतमाळ_पॉली
पण डिप्लोमावाल्याचा हात बसलेला असतो. हे कोणी मानत नाही.

अंगणवाडी_ताई
मुलासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना बघा. एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. यात फक्त विधवाच नाहीत, विभक्त आणि परित्यक्ता आईची मुलंही येतात. मुलीचाही अर्ज टाका, अठरा व्हायला जितके महिने राहिले तितके तरी मिळतील. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. कागद: आई आणि मुलांचं आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्न, रहिवासी, रेशन कार्ड, बँक पासबुक, आणि घरासमोर उभं राहून आई व मुलाचा फोटो. फोटोत घराचं दार दिसलं पाहिजे. मग गृहभेट होते, त्यानंतर बाल कल्याण समितीचा आदेश. गृहभेटीच्या दिवशी मुलगा घरी असू द्या.

मिशन वात्सल्यमध्ये ४,००० ची प्रायोजकत्व मदतही आहे, ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत पाहिजे. दोन्ही एकाच मुलाला एकदम मिळत नाहीत. तिथंच विचारा की कोणत्यात लवकर बसते.

वणीचा_भाऊ
आणि लाडकी बहीण चालू ठेवून संजय गांधी निराधारचाही फॉर्म भरा. दोन्हीचे १,५०० म्हणजे ३,०००.

अंगणवाडी_ताई
असं सांगू नका भाऊ. निराधारचे १,५०० घेणारी बाई लाडक्या बहिणीत बसत नाही. दोन्हीकडे नाव सापडलं की वसुली तिच्यावरच येते. शिवाय निराधारला २१,००० ची उत्पन्न मर्यादा आहे, सेतूवाल्यांनी वर सांगितलंच.

वणीचा_भाऊ
आमच्याकडे घेतात बाया दोन्ही.

पऱ्हाटी_घाटंजी
लाडकी बहीण चालू आहे, तीच ठेवते. महाडीबीटीच्या (शासनाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्जात "वडील हयात आहेत का" विचारतात. तिथं काय टाकू? आणि मुलीचं खातं पोस्टात आहे, ते चालेल का?

सेतू_राळेगाव
"हयात" टाका. वडील नाहीत असं टाकलं तर खोटी माहिती ठरते आणि अर्ज पुढे अंगावर येतो. उत्पन्नाचा दाखला तुमच्या नावानं असला तरी चालतो. मुलीचं नाव आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि अर्जात अक्षर न अक्षर तेच पाहिजे. नवऱ्याचं नाव मधे आहे तर राहू द्या, आता बदलायला जाऊ नका.

पोस्टाचं खातं चालतं, पण ते आधारशी जोडलेलं म्हणजे एनपीसीआयच्या (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत पाहिजे. नुसतं केवायसी केलं म्हणजे ती नोंद होत नाही. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" बघा. जे खातं शेवटी जोडलं तिथंच पैसे जातात. बरेचदा शाळेत उघडलेलं बंद पडलेलं खातं तिथं निघतं आणि शिष्यवृत्ती त्यात जाऊन परत फिरते.

कॉलेज_ऑफिस
अर्ज भरला की काम झालं असं समजू नका. कॉलेजच्या लॉगिनला क्लार्कनं पुढे पाठवला पाहिजे. "सेंड बॅक" आलं तर मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सबमिट करायचं. दर आठवड्याला स्थिती बघा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण वेगळं, ते आपोआप होत नाही.

अमरावतीची_रूमवाली
राहण्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे ना. ओबीसीला, शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर. अमरावतीसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१,०००, इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००, तालुक्याला ३८,०००. उत्पन्न अडीच लाखांच्या आत, मुलगी त्या शहराची रहिवासी नको, भाडेकरार आणि हजेरी लागते. गुणवत्ता यादी लागते. आधी वसतिगृहाचाही अर्ज टाका. यादीत नाव आलं तर जेवण-राहणं तिथंच, आणि ते रोख रकमेपेक्षा भरवशाचं.

पण पैसे हप्त्यानं आणि उशिरा येतात. जुलैत रूमचं डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसचा आगाऊ महिना तुम्हालाच भरावा लागेल. ३५,००० पैकी निम्मे तिथंच जातील, हे धरून चला.

नागपूरवाले_काका
नागपूरला त्याच योजनेत ६०,००० आहेत. म्हणून म्हटलं नागपूर.

अमरावतीची_रूमवाली
काका, नागपूरचं भाडंही तसंच आहे.

कॉलेज_ऑफिस
एक राहिलं. एआयसीटीईची (केंद्राची तंत्रशिक्षण परिषद) प्रगती शिष्यवृत्ती, पहिल्या वर्षाच्या मुलींना वर्षाला ५०,०००, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. त्यात दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत नसल्याचं लिहून द्यावं लागतं, म्हणून फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याला विचारा. त्यांचीच स्वनाथ योजना कोणी सुचवली तर तिकडे वेळ घालवू नका. ती अनाथ, कोविडमध्ये आई किंवा वडील गेलेल्या आणि शहिदांच्या मुलांसाठी आहे.

पऱ्हाटी_घाटंजी
सगळ्यांचे आभार. कोतवाल पंजीचा अर्ज दिला. मोठ्या दिरांच्या मुलाची व्हॅलिडिटी झालेली निघाली, जाऊबाईंनी प्रत दिली.

ठरवलं असं: पसंतीक्रमात पहिलं यवतमाळचं शासकीय अभियांत्रिकी. तिथं माझी बहीण राहते, मुलगी तिच्याकडेच राहील. भाडेकरार नसेल म्हणून आधार योजनेचे ४३,००० त्यात जातात, हे कळतं मला. पण ते येईपर्यंत भाडं कोणाकडून उसने मागू? लॅपटॉप पहिल्या वर्षी नाही, कॉलेजची लॅब आहे. ३५,००० मधून विकास शुल्क, पुस्तकं आणि एसटीचा पास. राहिलेले तिच्या खात्यातच ठेवते.

नागपूरवाले_काका
ताई, वर्षाचे ४३,००० म्हणजे चार वर्षांत पावणेदोन लाखांच्या जवळ. फेरविचार करा. लॅपटॉप तरी घ्याच.

अमरावतीची_रूमवाली
मलाही वाटते आधार योजना सोडू नये. निदान वसतिगृहाचा अर्ज तरी टाकून ठेवा, त्याला खर्च नाही.

पऱ्हाटी_घाटंजी
वसतिगृहाचा टाकते. बाकी ठरलं.

दाखल_खारीज
दिरांच्या मुलाची व्हॅलिडिटी जोडताना वंशावळ मुलीपासून पणजोबांपर्यंत एकाच शपथपत्रात येऊ द्या, आणि तिच्यात त्या मुलाचं नाव दिसलंच पाहिजे. नाव सुटलं तर ती प्रत पुराव्यात धरत नाहीत.