संत गोन्सालो गार्सियांचा सण: ५ की ६ फेब्रुवारी? आणि २०२७ ला रविवारी घेता येईल का?

पाखाडीकर (प्रश्न)
आमचं चर्च संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचं; वसईचे हे संत जपानमध्ये हुतात्मा झाले. २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला शनिवार येतोय. बाहेरगावच्या मंडळींना सोयीचं पडावं म्हणून सण समितीत १४ तारखेचा रविवार सुचवला गेलाय. त्यात काहींचा आग्रह असा की संत हुतात्मा झाले ५ ला, तर सणही ५ लाच हवा. नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) कधी बसवायची आणि मिस्सेत (चर्चच्या मुख्य उपासनेत) धर्मगुरूंचा झगा पांढरा की लाल, हेही ठरायचंय. झगा नवीन शिवायला टाकायचा असल्याने घाई आहे.

जुनी वेदी
आधी १४ तारीख खोडा. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला, म्हणजे राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, तिथून ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू, आणि १४ ला त्याचा पहिला रविवार. त्या रविवारपुढे कुठल्याही संताचा सण टिकत नाही, तुमच्या चर्चच्या आश्रयदात्याचासुद्धा. ग्लोरिया, आलेलुया ही स्तुतिगीतं म्हणायची नाहीत, वेदीवर फुलं नाहीत, वाद्यं फक्त गाण्याच्या साथीपुरती. बँड ठरवून, मंडप घालून मग हे कळलं तर पंचाईत.

तुम्हाला हवा तो रविवार ७ फेब्रुवारी आहे. तो सामान्य काळातला, म्हणजे ख्रिसमस-ईस्टरच्या खास काळांबाहेरचा रविवार. ज्या चर्चला संताचं नाव आहे, त्या चर्चपुरता तो दिवस सर्वात वरच्या दर्जाचा, म्हणजे सोहळा असतो आणि सामान्य काळातल्या रविवारपेक्षा वरचा ठरतो. म्हणून लोकांच्या सोयीसाठी तो लगतच्या रविवारी घेता येतो. पण ही मुभा तुमच्या चर्चला. संत गोन्सालो वसई धर्मप्रांताचे आश्रयदाते असले, तरी बाकीच्या चर्चमध्ये त्यांचा दिवस एक पायरी खालचा, नुसता 'सण'. तो रविवारवर चढत नाही. शेजारच्या चर्चचं बघून कोणी नक्कल केली की इथेच फसतं.

कालगणना
५ की ६ चं उत्तर: ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना मारलं, ही तारीख बरोबरच आहे. पण ५ फेब्रुवारी हा पूर्वीपासून संत अगाथाचा दिवस. १९६९ च्या चर्चच्या नव्या पंचांगात जपानचे हुतात्मे सगळ्या चर्चसाठी घेतले, तेव्हा त्यांना दुसऱ्या दिवशीची, ६ ची जागा मिळाली. जगभर ही नोंद 'पॉल मिकी आणि सोबती' अशी असते, म्हणून वसईच्या माणसाला गोन्सालोंचं नाव शोधावं लागतं. ते 'सोबत्यां'मध्ये आहेत. ५ ला संध्याकाळी बलिदानाची प्रार्थना ठेवा, आग्रह धरणारेही खूश होतील.

६ तारीख अडते तेव्हा काय होतं हे पाहायचं असेल तर २००८ बघा. त्या वर्षी ६ फेब्रुवारीलाच राखेचा बुधवार होता. अशा वेळी सोहळा लगतच्या मोकळ्या दिवसावर, म्हणजे नियमाने ७ वर सरकतो.

जुनी वेदी
नोव्हेना: सण ७ ला घेतलात तर २९ जानेवारी ते ६ फेब्रुवारी. ६ लाच ठेवलात तर २८ जानेवारी ते ५ फेब्रुवारी. बोटांवर मोजताना सणाचा दिवस नऊमध्ये धरू नका, बहुतेकांची चूक तिथेच होते. मधल्या ३१ जानेवारीच्या रविवारी आणि २ फेब्रुवारीला (येशूचं मंदिरात समर्पण, मेणबत्त्यांचा आशीर्वाद) मिस्सा त्या त्या दिवसाचीच राहते. बायबलची वाचनं बदलायची नाहीत, नोव्हेनेची प्रार्थना प्रवचनानंतर किंवा कम्युनियननंतर (पवित्र भाकर घेतल्यावर) जोडायची. प्रवचनकारांना बोलावताना हे आधीच सांगा, नाहीतर ते आपापली वाचनं निवडून येतात.

रंगशाळा
झगा लाल. 'सण म्हणजे पांढरा' हे अर्धवट ऐकलेलं आहे. हुतात्म्याला लालच.

मूर्ती रंगवून घेणार असाल तर अजून एक. संत गोन्सालो फ्रान्सिस्कन बंधू होते, धर्मगुरू नव्हते. तपकिरी झगा आणि कमरेला तीन गाठींची दोरी, एवढंच. बरेच कारागीर दुसऱ्या संताच्या चित्रावरून गळ्यात स्टोल (धर्मगुरूंचा पट्टा) घालून देतात, तो काढायला लावा. हातात क्रूस आणि भाला बरोबर आहे. पण क्रूसावर खिळे दाखवू नका. जपानमध्ये तेव्हा माणसाला दोर आणि लोखंडी कड्यांनी जखडत आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसत.

पाखाडीकर
१४ रद्द. पण काही जण अजून शनिवारीच म्हणतायत. ६ ला सण घेतला तर त्या संध्याकाळची मिस्सा कुठली? रविवारची की संतांची?

जुनी वेदी
संतांची. सोहळा सामान्य काळातल्या रविवारपेक्षा वरचा, म्हणून शनिवार संध्याकाळही त्याचीच. आणि संध्याकाळी मिस्सेला आलेल्याची रविवारी मिस्सेला जाण्याची जबाबदारीही पुरी होते, मिस्सा कुठलीही असो. सकाळी दहाच्या मोठ्या मिस्सेला आलेल्यांची मात्र होत नाही, त्यांना रविवारी पुन्हा यावं लागेल. हे सणाच्या पत्रकात ठळक छापा, कारण जेवणावळीच्या गडबडीत घोषणा कोणी ऐकत नाही.