याकोबसेन यांचे दान आणि मुलाचा वाटा

तिरकस : कालच्या धाग्यात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग या बीअर कारखान्याचे संस्थापक जे. सी. याकोबसेन यांना दानशूर उद्योजकांचा आदर्श ठरवून आपल्या कारखानदारांनी त्यांचा कित्ता गिरवावा, असा उपदेश केला आहे. १८४५ मध्ये म्युनिकहून बीअर आंबवण्याचे यीस्ट आणताना वाटेत डबा पुन्हापुन्हा गार पाण्याने भिजवणाऱ्या या माणसाच्या चिकाटीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती लेखकाने सोयीस्करपणे गाळलेल्या गोष्टीबद्दल. ज्या मुलाचे, कार्लचे, नाव १८४७ मध्ये कारखान्याला दिले, त्यालाच डावलून त्यांनी तो कारखाना विज्ञानासाठी काढलेल्या कार्ल्सबर्ग फाउंडेशनच्या नावे केला. हे दान की मुलावर काढलेला राग?

नायट्रोजन : आपण सनावळ्या पाहिलेल्या दिसत नाहीत. कारखान्याची संशोधन प्रयोगशाळा १८७५ ची, फाउंडेशन १८७६ चे. बापलेकांचे भांडण विकोपाला गेले ते त्यानंतर. मी दूध भुकटीच्या कारखान्यात एकोणीस वर्षे प्रथिने मोजतो आहे. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा आणि काळाकुट्ट द्रव पाण्यासारखा निवळेपर्यंत शेगडीजवळ ताटकळायचे, ही केल्डाल यांची पद्धत (आमच्याकडे सर्रास ‘जेल्डाल’ म्हणतात) १८८३ मध्ये त्याच प्रयोगशाळेत जन्मली. त्याच वर्षी तिथल्याच हान्सेन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे केले आणि याकोबसेन यांनी ते प्रतिस्पर्ध्यांनाही दिले, कारण महत्त्वाचा कोणताही निष्कर्ष गुप्त ठेवायचा नाही, हा प्रयोगशाळेचा नियमच होता. रागाच्या भरात असे नियम कोणी लिहीत नाही.

कोरडवाहू : शेवटी पैसा बीअरचाच ना? आमच्या गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी माझ्या आईने दोन वर्षे खेटे घातले आहेत, त्यामुळे हे कौतुक माझ्या घशाखाली उतरत नाही.

नायट्रोजन : आपल्या मातोश्रींबद्दल आदर आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा.

तिरकस : सनावळ्या मला पाठ आहेत. बीअर किती काळ मुरवायची यावरून दोघांचे बिनसले. बापाला दर्जा हवा होता, मुलाला उत्पादन. मग बापाच्या आणि मुलाच्या अशा दोन कारखान्यांमधल्या रस्त्याला बाप ‘अलायन्स’ म्हणे, मुलगा ‘पाश्चर’, आणि दोघेही आपापली पाटी लावत. सख्य नसलेल्या रस्त्याचे नाव ‘सख्य’! माझ्या थोरल्या मामांनी तेलाची गिरणी एका न्यासाला दिली. वृत्तपत्रात फोटो छापून आला, आणि सोळाव्या वर्षापासून तिथे पोती वाहिलेला मामेभाऊ दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहू लागला. त्यामुळे अशा दानांचा हिशेब मी घरच्यांकडून मागतो.

पाटीदार : आपला मामेभाऊ कार्ल नव्हे. कार्लचा स्वतःचा कारखाना उभा होता आणि उत्तम चालत होता. पुढे १९०२ मध्ये त्याने तोही त्याच फाउंडेशनला दिला. ग्लिप्टोटेक संग्रहालय आणि कोपनहेगन बंदरावरचा १९१३ चा जलपरीचा पुतळा ही त्याचीच देणगी. अन्याय झालेला माणूस बापाच्याच संस्थेच्या पदरात कारखाना घालतो का? आमच्या वडिलांनी मात्र आम्हा तिघा भावांना दुकान सारखे वाटून दिले. आज एकाच ओट्यावर तीन पाट्या आहेत, आणि त्यांपैकी दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. वाटणीचे गोडवे मला सांगू नका.

तिरकस : दुखावलेली मुलेच बापाहून मोठे दान करून दाखवतात, हे आपल्याला तीन पाट्यांखाली उभे राहूनही कळले नाही?

नायट्रोजन : म्हणजे दान मोठे होते, हे आपण मान्य केलेत.

तिरकस : यीस्टपुरते मान्य. शिवाय १८८७ मध्ये म्हातारा रोममध्ये वारला, त्याआधी बापलेकांचा समेट झाला होता, हेही नोंदवतो. नाहीतर आपण त्याचीही सनावळी काढाल.

कोरडवाहू : समेट झाला, पण कारखाना फाउंडेशनकडेच राहिला ना?