प्राचीन चिनी चित्रांच्या दालनात आजच्या कलाकृती ठेवाव्यात का?

रानवारा (धागा)

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने डिसेंबर २०१३ ते एप्रिल २०१४ या काळात ‘इंक आर्ट’ (शाईची कला) नावाचे प्रदर्शन भरवले. आजच्या चिनी कलावंतांची कामे आधुनिक कलेच्या विभागात न मांडता, क्युरेटर मॅक्सवेल हर्न यांनी ती चिनी कलेच्या जुन्या दालनांतच मांडली. त्यावर टीका झाली, परंतु माझ्या मते हा निर्णय अगदी योग्य होता, आणि त्याचे समर्थन त्याच संग्रहालयातल्या एका चित्रात सापडते.

इसवी सन ७५०च्या सुमारास चिनी चित्रकार हान गानने काढलेला सम्राट श्युआनझोंगचा ‘रात्र उजळणारा शुभ्र’ हा घोडा खांबाला बांधलेला आहे. आयाळ ताठ उभी राहिली आहे, डोळा वटारलेला आहे, खूर जागच्या जागी नाचताहेत. मूळ चित्राची रुंदी जेमतेम ३४ सेंटिमीटर, पण आज ती संपूर्ण गुंडाळी ११ मीटरहून लांब भरते, कारण पुढच्या शतकांतल्या संग्राहकांनी आणि रसिकांनी चित्रावर लाल शिक्के उमटवले, कडेला मजकूर लिहिला आणि जागा संपली तेव्हा नवे कागद जोडून आपले अभिप्राय पुढे चालू ठेवले. जुन्या कृतीशेजारी नंतरच्या माणसाने बोलणे हा त्या परंपरेचा रिवाजच आहे. मग एकविसाव्या शतकातल्या माणसाला त्या दालनात मज्जाव का असावा?

तळटीप

असहमत. अभिप्राय लिहिणाऱ्याने तीच शाई, तोच कुंचला वापरला आणि त्याचा आवाज चित्रापेक्षा वर गेला नाही. शिवाय गुंडाळी हातात धरून, हातभर उलगडत, चार जाणकारांच्या सोबतीने पाहिली जात असे. संग्रहालयातला प्रेक्षक उभ्या उभ्या पुढे सरकत असतो आणि त्याची नजर चकाकीकडे आधी वळते. याच प्रदर्शनात चान वांगचा स्टेनलेस स्टीलचा ‘शिलाखंड’ होता आणि आय वेईवेईने कोका-कोलाचे बोधचिन्ह रंगवलेला हान राजवटीतला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा रांजणही होता. रेशमावरची आणि कागदावरची चित्रे प्रकाशाने विटतात, म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपासचाच मंद उजेड ठेवावा लागतो आणि काही महिन्यांनी ती पुन्हा पेटाऱ्यात जातात. त्या मंद उजेडातल्या, जुन्या निसर्गचित्रातल्या धूसर डोंगराने लखलखत्या पोलादाशी कसा सामना करावा? घरी परतलेल्या प्रेक्षकाला बोधचिन्हवाला रांजण आठवेल, डोंगर आठवणार नाही. जुने काम ही नव्याची पार्श्वभूमी होऊन बसते, आणि मला हे फार खटकते.

उंबरठा

मीही विरोधातच आहे, मात्र माझी काळजी जुन्यांची नसून नव्यांची आहे. याच प्रदर्शनातल्या शू बिंगने १९८७ ते १९९१ या काळात सुमारे ४,००० खोटी अक्षरे लाकडात कोरून ‘आकाशातून आलेले पुस्तक’ छापले. ती अक्षरे चिनी वाचकालाही वाचता येत नाहीत. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६-७६) वाढलेल्या माणसाने शब्दांवरच्या विश्वासाला घातलेला हा हात आहे, आणि त्याची जागा त्या काळातल्या जगभरच्या संकल्पनाप्रधान कलेच्या (जिच्यात वस्तूपेक्षा कल्पना महत्त्वाची) पंगतीत आहे. ते चिनी दालनात टांगले की प्रेक्षक त्याला ‘प्राचीन लिपीपरंपरेचा आधुनिक वारसा’ समजून मोकळा होतो. न्यूयॉर्कच्या चित्रकाराला ‘समकालीन’ म्हणून आधुनिक विभागात जागा मिळते आणि बीजिंगच्या चित्रकाराला आधी आपल्या पूर्वजांची ओळख द्यावी लागते, हा भेदभाव आहे.

रानवारा

उंबरठा, आपला मुद्दा वजनदार आहे, तरी तो सगळ्या कामांना लागू पडत नाही. याच प्रदर्शनातल्या च्यु झिजिएने वांग शीझीची इसवी सन ३५३ची, चिनी सुलेखनाचा आदर्श मानली जाणारी ‘लानथिंग’ प्रस्तावना एकाच कागदावर हजार वेळा लिहिली. अक्षरावर अक्षर चढत गेले आणि कागद काळाकुट्ट झाला. मूळ प्रस्तावना केव्हाच हरवली आहे, आणि शतकानुशतके विद्यार्थी तिच्या नकलांच्या नकला गिरवत आले आहेत. त्या नकलांपैकी एखादी जवळ नसेल, तर आधुनिक विभागातला प्रेक्षक त्या काळ्या कागदासमोर उभा राहून त्याला केवळ अमूर्त चित्र समजेल. गिरवण्यातली भक्ती आणि गिरवता गिरवता मूळच बुजवून टाकण्याची जिद्द, या दोन्ही गोष्टी त्याच्या हाती लागणार नाहीत. शू बिंगचे काम दोन्हीकडे शोभेल, हे मान्य. हे काम मात्र जुन्याच्या शेजाराशिवाय मुके राहते.

आणि तळटीप, उजेडाची अडचण मांडणीची आहे, तत्त्वाची नव्हे. पोलादी शिळा दुसऱ्या खोलीत, नजरेच्या टप्प्याबाहेर ठेवता येते.

तळटीप

मग माझी अट ऐका. नवे काम जुन्याला उत्तर देत असेल, तर ते कोणत्या जुन्या कृतीला उत्तर देते हे संग्रहालयाने दाखवावे आणि ती कृती त्याच खोलीत प्रत्यक्ष असावी. ‘दोन्ही चिनी आहेत’ एवढ्या आधारावर शेजार जुळवू नये. ‘लानथिंग’ची जोडी मला पटते. रांजण अजूनही पटत नाही, कारण तिथे जुन्याला उत्तर देण्यासाठी जुनेच रंगवून टाकले आहे, आणि ते रांजण घडवणाऱ्या कुंभाराला आता काही बोलता येत नाही.

कोपरा

मुंबईकरांसाठी एक भर घालतो. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाने एकोणिसाव्या शतकातल्या कपाटांमध्ये आणि पुतळ्यांमध्ये आजच्या कलावंतांना जागा दिली. जितीश कल्लाट यांचे २०११चे प्रदर्शन त्यांपैकीच एक. ते काम त्या वास्तूच्या इतिहासाशीच भिडत होते, म्हणजे तळटीप यांची अट तिथे पाळली गेली. उलट छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. त्या एके काळी मुंबईच्या एका घराण्याच्या संग्रहात होत्या, हेच त्यांचे दुसरे आयुष्य आहे. तिथे कुणा समकालीन कलावंताला बोलवायचेच असेल, तर त्याने चीनवर नव्हे, या मुंबईतल्या प्रवासावर काम करावे, असे मला वाटते.

उंबरठा

कोपरा, ही सूचना मला मान्य आहे, कारण तिच्यात कलावंताला पूर्वजांचा दाखला द्यावा लागत नाही. न्यूयॉर्कबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे. शू बिंगसाठी एक भिंत आधुनिक विभागातही राखून ठेवली असती, तर मी हा वाद घातलाच नसता.